मोबाईलची फुटलेली स्क्रीन घरी बदलायची असेल तर

स्क्रू काढणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. नवख्या माणसाच्या हातून फोन बिघडतो तो बहुतेक वेळा तीन ठिकाणी: चुकीचा पार्ट मागवताना, बॅटरी जोडलेली ठेवून कनेक्टर (केबल बोर्डाला जोडणारं टोक) लावताना आणि नवीन स्क्रीन तपासून न बघता गम लावताना. ही तीन ठिकाणं सांभाळली तर बाकी काम सावकाश हाताने जमण्यासारखं आहे. म्हणून या लेखात फोन उघडण्याआधीच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे. घाई असेल तरी तेवढा भाग गाळू नका.

नक्की काय फुटलंय?

स्क्रीन म्हणजे एकच काच नव्हे. सगळ्यात वर संरक्षक काच, तिच्याखाली बोटाचा स्पर्श ओळखणारा टचचा थर आणि त्याखाली चित्र दाखवणारं पॅनेल. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये हे तिन्ही थर पारदर्शक गोंदाने एकमेकांना पक्के चिकटवलेले असतात, तर बऱ्याच ओलेड पॅनेलमध्ये (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) टचचा थर पॅनेलमध्येच मुरवलेला असतो. या सगळ्या एकत्र भागाला दुरुस्तीवाले कॉम्बो किंवा फोल्डर म्हणतात, आणि घरी बदलायचा असतो तो हा अख्खा कॉम्बो.

काचेला तडे गेलेत, पण चित्र स्वच्छ आहे आणि टचही चालतोय, तर फक्त वरची काच गेली आहे. कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा किंवा जांभळा डाग पसरत असेल, उभ्या-आडव्या रंगीत रेघा येत असतील किंवा स्क्रीन अर्धी काळी असेल, तर पॅनेल गेलं. चित्र ठीक पण एखादा पट्टा बोटाला दाद देत नसेल किंवा फोन आपोआप कुठेही टॅप होत असेल, तर टच गेला. पडल्यावर स्क्रीन पूर्ण काळी झाली, पण फोन वाजतोय, थरथरतोय, तर कधीकधी आतला कनेक्टर नुसता निसटलेला असतो. तसं असेल तर नवीन स्क्रीनची गरजही पडत नाही. पार्ट मागवण्याआधी फोन उघडून कनेक्टर पुन्हा बसवून बघणं अशा वेळी फायद्याचं ठरतं.

फक्त काच गेली असेल तर "नुसती काच बदलून घेऊ, स्वस्तात काम होईल" असा विचार मनात येतोच. घरी तो करू नये. काच पॅनेलपासून सोडवायला तापवलेली सपाट प्लेट आणि बारीक तार लागते. नवीन काच चिकटवायला गोंदाची शीट, हवा खेचून घेणारं लॅमिनेशनचं यंत्र आणि बुडबुडे काढायचं यंत्र लागतं. ओलेड पॅनेल इतकं पातळ असतं की तार जराशी वाकडी गेली की पॅनेल संपतं. नुसती काच आणि सोबत अतिनील प्रकाशाने सुकणारा गोंद, असं किट दिसलं तर त्याच्या नादी लागू नका.

अजून दोन गोष्टी बघायच्या. फोन सपाट टेबलावर ठेवून बाजूने बघा. स्क्रीन मधून किंवा एका कडेने वर उचललेली दिसत असेल तर आत बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता मोठी आहे. अशा फोनला उष्णता देणं धोक्याचं असतं. तो बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि जाणकाराकडेच द्या. दुसरी गोष्ट फ्रेमची. पडताना कोपरा चेपला असेल तर नवीन स्क्रीन तिथे बसत नाही. जोर लावून बसवली तर काही दिवसांत त्याच कोपऱ्यातून तडा जातो आणि दोष मात्र पार्टला दिला जातो.

डेटा आधी काढून घ्या

काम नीट झालं तर डेटाला काही होत नाही, कारण तो स्क्रीनमध्ये नसून मदरबोर्डवर असतो. पण मदरबोर्डला धक्का लागणारच नाही याची खात्री पहिल्याच फोनला देता येत नाही. म्हणून बॅकअप घ्या.

टच मेला असेल पण चित्र दिसत असेल, तर ओटीजी अॅडॉप्टर (फोनच्या चार्जिंग पोर्टला यूएसबी वस्तू जोडायचा जोड) लावून साधा यूएसबी माऊस जोडा. बहुतेक अँड्रॉईड फोनमध्ये लगेच बाण दिसतो आणि माऊसने पॅटर्न काढता येतो, पिन टाकता येतो. चित्रच दिसत नसेल तर काही महागड्या फोनचं टाइप-सी पोर्ट अॅडॉप्टरमधून टीव्हीवर चित्र पाठवू शकतं. त्याला सोबत माऊसही जोडता आला तर काम होतं. यातलं काहीच जमत नसेल तर बॅकअपशिवाय पुढे जावं लागेल, ते निदान माहीत असून करा. सिम आणि मेमरी कार्ड काढून बाजूला ठेवा. सिमचा ट्रे फोनमध्येच राहिला तर काही मॉडेलमध्ये मदरबोर्ड उचलताना तो अडतो आणि तुटतो.

हा फोन घरी करावा का?

सपाट स्क्रीनचा, प्लॅस्टिकच्या मागच्या झाकणाचा, दोन-चार वर्षं वापरलेला मधल्या दर्जाचा अँड्रॉईड फोन हा पहिल्या प्रयत्नासाठी सगळ्यात चांगला. होम बटण असलेले जुने आयफोनही बरे, कारण त्यांची स्क्रीन पुढूनच उघडते. दोन्ही कडांना वळलेली ओलेड स्क्रीन असलेला फोन मात्र पहिल्यांदा हातात घेऊ नका. घडीचा फोन तर अजिबात नको.

आयफोनच्या बाबतीत काही बंधनं आधीच समजून घ्यायला हवीत. २०१३ च्या आयफोन ५एस पासून टच आयडीचं होम बटण त्या फोनच्या मदरबोर्डशीच जोडलेलं असतं. जुन्या बटणाची केबल फाटली तर नवीन बटण लावूनही बोटाचा ठसा चालत नाही. आयफोन १० पासून पुढच्या बऱ्याच मॉडेलमध्ये कानाच्या स्पीकरची पट्टी स्क्रीनच्या मागे चिकटलेली असते आणि तिच्यावर फेस आयडीला, म्हणजे चेहरा ओळखून फोन उघडण्याच्या सोयीला, लागणारे सेन्सर असतात. ती जुन्या स्क्रीनवरून अलगद सोडवून नव्या स्क्रीनवर लावावी लागते. ती तुटली तर फेस आयडी कायमचा जातो. २०१९ च्या आयफोन ११ पासून स्क्रीन बदलली की सेटिंगमध्ये हा भाग ओळखता आला नाही अशा अर्थाची सूचना येऊ शकते, आणि ट्रू टोन (आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग जुळवणारी सोय) ही गायब होऊ शकतो. २०२१ मध्ये आयफोन १३ आला तेव्हा तर बाहेर स्क्रीन बदलली की फेस आयडीच बंद पडायचा. आरडाओरडा झाला आणि पुढच्या अपडेटमध्ये अॅपलने ते काढून टाकलं. आता अस्सल भागांची नोंदणी आयओएस १८ पासून फोनच्या सेटिंगमधूनच करता येते.

अँड्रॉईडमध्ये अडचण असते ती स्क्रीनखालच्या फिंगरप्रिंटची. सेन्सर जुन्या स्क्रीनच्या मागून काढून नव्यावर लावला तरी काही फोनमध्ये तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. गूगल पिक्सेलसाठी हे काम ब्राउझरमधून करायची सोय गूगलनेच दिली आहे. सगळ्या कंपन्यांची तशी सोय नसते. तुमच्या मॉडेलचं काय, ते पार्ट मागवण्याआधी शोधा.

शोधायचं म्हणजे काय, तर आपल्याच मॉडेलचा फोन कोणीतरी पूर्ण उघडून दाखवलेला व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा बघायचा. आयफिक्सिटच्या साइटवर हजारो उपकरणांची पायरी-पायरीने, फोटोंसह मार्गदर्शिका मोफत आहेत. या लेखातून कामाची पद्धत कळेल. तुमच्या फोनमध्ये सातवा स्क्रू स्टिकरखाली लपलाय हे मात्र तिथेच कळेल.

पार्ट मागवताना

बाजारात चालणारं नाव बघून स्क्रीन मागवू नका. एकाच नावाच्या फोनची फोर-जी आणि फाइव्ह-जी अशी दोन रूपं असतात, प्रदेशानुसार वेगळे मॉडेल असतात, आणि त्यांची स्क्रीन एकमेकांना बसेलच असं नाही. सेटिंगमध्ये "फोनविषयी" या पानावर अक्षरं-आकड्यांचा मॉडेल नंबर असतो, तो जुळवा. स्क्रीन दिसत नसेल तर तो खोक्यावर किंवा फोनच्या पाठीवर बारीक अक्षरांत सापडतो.

मग दर्जाचा प्रश्न. मूळ स्क्रीन एलसीडी (मागच्या दिव्याने उजळणारी) असेल तर फार घोळ नसतो. मूळ ओलेड असेल तर त्याच फोनसाठी स्वस्तातली एलसीडीसुद्धा मिळते, "इनसेल" या नावाने विकली जाते. चालते, पण ती जाड असते, म्हणून फ्रेमच्या वर किंचित उठून दिसते. काळा रंग राखाडी दिसतो, उन्हात उजेड कमी पडतो, बॅटरी जास्त खाते. स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट असेल तर एलसीडीवर तो चालत नाही. ओलेडमध्येही हार्ड आणि सॉफ्ट असे दोन प्रकार आहेत. हार्ड काचेच्या थरावर बनते म्हणून ठिसूळ असते, सॉफ्ट लवचीक थरावर बनते आणि मूळ स्क्रीनच्या जास्त जवळ जाते. सॅमसंगसाठी "सर्व्हिस पॅक" म्हणून मिळणारा पार्ट म्हणजे कंपनीचाच, बहुधा फ्रेमसकट. माझं मत विचाराल तर मूळ फोन ओलेडचा असेल आणि तो अजून वर्षभर तरी वापरायचा असेल तर एलसीडी घेऊ नका. वाचवलेले पैसे रोज डोळ्यांना खटकतात.

अँड्रॉईडसाठी स्क्रीन फ्रेमसह घ्यायची की फ्रेमशिवाय, हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा. फ्रेमशिवाय घेतली तर जुनी फुटकी काच फ्रेममधून खरवडून काढावी लागते. ती चुऱ्यासारखी तुटत येते आणि फ्रेम वाकायची भीती असते. फ्रेमसह घेतली तर काच खरवडायची भानगडच नाही, पण फोनमधली एकूण एक वस्तू जुन्या फ्रेममधून नव्यात हलवावी लागते: मदरबोर्ड, बॅटरी, चार्जिंगचा बोर्ड, थरथरणारी मोटर, कानाचा स्पीकर, अँटेनाच्या बारीक तारा. वेळ जास्त लागतो, पण हातून काही मोडण्याची शक्यता कमी आणि चेपलेल्या कोपऱ्याचा प्रश्नही सुटतो. नवख्याने थोडे जास्त पैसे देऊन फ्रेमवालीच घ्यावी.

पार्ट हातात आला की आधी डोळ्यांनी बघा. कडेला केसासारखी चीर आहे का, केबल दुमडली आहे का, कनेक्टर जुन्यासारखाच आहे का. स्क्रीनवरची पारदर्शक फिल्म अजून काढू नका. ती काढली की बरेच विक्रेते परत घेत नाहीत.

हत्यारं

फार लागत नाहीत. बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, म्हणजे ००० किंवा ०० चा. आयफोनसाठी खालच्या दोन स्क्रूंना पाच पाकळ्यांचा पेंटालोब, आणि आयफोन ७ पासून आत वाय आकाराचाही. प्लॅस्टिकचा स्पजर (उचकटायची चपटी काडी), चार-पाच पातळ प्लॅस्टिक पिक (फटीत सरकवायच्या त्रिकोणी चकत्या), रबरी सक्शन कप, टोकदार चिमटा. हेअर ड्रायर किंवा हीट गन. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. चिकटवायला मॉडेलच्या मापाची तयार चिकटपट्टी मिळाली तर उत्तम, नाहीतर बी-७००० किंवा काळा टी-७००० गम. कडा दाबून धरायला रबरबँड किंवा क्लिपा. आणि डोळ्यांवर चष्मा. फुटकी काच उचकटताना तिचे कण खरंच उडतात.

लोखंडी सुरी, ब्लेड, टोच्या यातलं काहीही बॅटरीच्या आसपास नको. लिथियम बॅटरीला भोक पडलं की ती तिथेच पेट घेऊ शकते. काम करताना जवळ कोरड्या वाळूचं भांडं ठेवावं, आणि धूर दिसला तर फोन त्यात टाकून लांब व्हावं.

उघडणं

फोनची बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली येऊ द्या आणि मग फोन बंद करा. भरलेल्या बॅटरीला चुकून इजा झाली तर आग मोठी लागते, बरीच रिकामी असेल तर धोका कमी. कोरड्या, उजेडाच्या जागी पांढरं कापड किंवा कागद पसरून बसा म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो. कामाआधी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. लोकरीचे आणि नायलॉनचे कपडे त्या दिवशी नकोत.

फुटलेल्या काचेवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी आडव्या-उभ्या पट्ट्यांनी चिकटवा. त्यामुळे तुकडे एकत्र राहतात आणि सक्शन कपलाही पकड मिळते.

आता उष्णता. ड्रायर कडेकडेने फिरवत दोन-तीन मिनिटं द्यायचा, एकाच जागी धरून ठेवायचा नाही. कड हाताला चांगली गरम लागली पाहिजे, पण बोट ठेवणं अशक्य होईल इतकी नको. बॅटरीला ६० अंशांच्या वर तापमान सोसत नाही, म्हणून हीट गन असेल तर ती सगळ्यात कमी आचेवर आणि लांबून. मग सक्शन कप लावून हळू ओढा. फट दिसताच पिक घाला, पण तीन-चार मिलिमीटरपेक्षा खोल नको. कड अडली की जोर लावायचा नाही, पुन्हा गरम करायची. आणि पहिला पिक जागेवरच राहू द्या, नाहीतर पुढे जाईपर्यंत मागचा गोंद पुन्हा धरतो.

आयफोनमध्ये आणि पुढून उघडणाऱ्या इतर फोनमध्ये स्क्रीन सुटली तरी ती लगेच उपटू नका. आत केबल असतात आणि त्या कोणत्या बाजूला आहेत हे मॉडेलप्रमाणे बदलतं. स्क्रीन पुस्तकाच्या पानासारखी केबलच्या बाजूला उलटायची आणि मागे एखाद्या डब्याचा टेकू द्यायचा. मागून उघडणाऱ्या अँड्रॉईडमध्ये आधी पाठीचं झाकण निघतं. झाकणावर फिंगरप्रिंट असेल तर त्याची केबलही झाकणाबरोबर येते, म्हणून तेही सावकाश.

पुढे स्क्रू. इथे कंटाळा करू नका. कागदावर फोनचा आकार काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच जागी चिकटपट्टीने लावा. स्क्रू दिसायला सारखे असतात, पण लांबीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फरक असतो. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला की तो मदरबोर्डच्या थरांत घुसून आतले तांब्याचे मार्ग तोडतो. बाहेरून काही दिसत नाही, फोन मात्र चालू होत नाही.

धातूचं झाकण निघालं की पहिला कनेक्टर काढायचा तो बॅटरीचा. स्क्रीनचा नंतर. फोन बंद असला तरी बॅटरी जोडलेली असेल तर स्क्रीनच्या कनेक्टरपर्यंत वीज असू शकते. काढता-लावताना पिना किंचित तिरक्या टेकल्या तरी एलसीडी फोनमध्ये बॅकलाइटचा, म्हणजे मागच्या दिव्याचा, बारीक फ्यूज उडू शकतो. मग नवीन स्क्रीन लावूनही ती अंधारीच राहते, आणि टॉर्चच्या प्रकाशात चित्र पुसट दिसतं.

कनेक्टर काढण्याची आणि बसवण्याची एक लकब आहे, ती एकदा बोटांत बसली की पुढे सोपं जातं. काढताना स्पजरचं टोक कनेक्टरच्या कडेखाली घालून सरळ वर उचलायचं, बोर्डाला टेकू न देता, कारण शेजारी मोहरीहून लहान सुटे भाग चिकटलेले असतात. बसवताना आधी कनेक्टर नुसता जागेवर ठेवायचा, दाबायचा नाही. बोटाच्या पेराने तो जरा इकडेतिकडे सरकवून बघायचा. बरोबर खाचेवर आला की तो सरकेनासा होतो. मग एक टोक दाबायचं, बोटाला बारीक टिक जाणवते, मग दुसरं टोक दाबायचं. बरोब्बर मध्ये जोर लावला तर वाकतो. टिक जाणवली नाही तर उचला आणि पुन्हा ठेवा. काही केबलींना वेगळी पद्धत असते, वर छोटी काळी पट्टी असते, ती आधी नखाने उभी करायची आणि मग केबल सरकवून बाहेर घ्यायची. ती न उघडता ओढली तर कनेक्टरच उखडतो.

फ्रेमवाल्या स्क्रीनसाठी बॅटरी हलवावी लागते. तिच्याखाली ओढायची पट्टी असेल तर ती अगदी हळू, जवळजवळ आडवी ओढा. पट्टी नसेल किंवा तुटली तर बॅटरीच्या कडेने अल्कोहोलचे थोडे थेंब सोडा, काही मिनिटं थांबा आणि प्लॅस्टिक कार्डाने सगळीकडून थोडं थोडं उचला. एका कोपऱ्यातून पूर्ण वाकवली तर ती पुन्हा वापरू नका, नवी घाला. अल्कोहोल स्क्रीनच्या बाजूला वाहू देऊ नका, एलसीडीच्या थरांत शिरलं तर कायमचा डाग पडतो.

गम लावण्याआधी तपासा

हा टप्पा गाळणारे लोक फोन दोनदा उघडतात, आणि दुसऱ्या वेळी नवी स्क्रीन फुटते.

नवीन स्क्रीनचा कनेक्टर लावा, मग बॅटरीचा, स्क्रीन नुसती जागेवर टेकवा आणि फोन चालू करा. उजेड पूर्ण वाढवा, पूर्ण कमी करा. पांढरा, काळा, लाल असे रंग भरून मेलेला ठिपका किंवा डाग शोधा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डायलरवर *#०*# टाकलं की रंग आणि टच तपासायचं पान उघडतं. टचसाठी साधा उपाय म्हणजे एखादं आयकॉन दाबून धरून न सोडता स्क्रीनभर, चारही कोपऱ्यांपर्यंत ओढायचं. कुठे निसटलं तर तिथे टच मेलेला आहे. मग सिम तात्पुरतं घालून कोणाला तरी फोन लावून बघा: कानाचा आवाज येतो का, फोन कानाला लावल्यावर स्क्रीन काळी होते का. पुढचा कॅमेरा, फिंगरप्रिंट किंवा फेस आयडी, थरथर, चार्जिंग हेही आत्ताच बघा. काही बिनसलं तर बॅटरीचा कनेक्टर काढून बाकीचे पुन्हा बसवा. दहा मिनिटं नुसती चालू ठेवून सोडा, आपोआप टॅप व्हायला लागली तर ते याच वेळात कळतं.

पास झाली की फोन बंद, बॅटरीचा कनेक्टर पुन्हा काढा.

बंद करणं

जुन्या स्क्रीनवरून काय काय नव्यावर न्यायचं राहिलंय, ते दोन्ही शेजारी ठेवून बघा. कानाच्या स्पीकरची जाळी, सेन्सरभोवतीचं काळं रबर, पुढच्या कॅमेऱ्याची चौकट. ते काळं रबर विसरलं की सेन्सरवर बाजूचा उजेड पडतो आणि कॉल चालू असताना स्क्रीन गालाने दाबली जाते. नव्या स्क्रीनच्या मागच्या बाजूलाही फिल्म असतात, त्या आत्ता काढा. समोरची राहू द्या.

फ्रेमशिवायची स्क्रीन असेल तर फ्रेमची कड स्वच्छ करण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही. जुना गोंद अल्कोहोलने ओला करून स्पजरने ढकलला की त्याच्या काळ्या सुरळ्या होत निघतो. डोळ्यांना स्वच्छ वाटलं तरी प्लॅस्टिक कार्डाची कड फ्रेमवरून पूर्ण एक फेरी फिरवा. काचेचा कण राहिला असेल तर कार्ड तिथे अडतं. बोट फिरवू नका, कण बोटात जातो. नंतर स्क्रीन पुन्हा नुसती टेकवून बघा, चारही बाजूंनी सारखी बसली पाहिजे. कुठे डुलत असेल तर खाली काहीतरी आहे, केबल दुमडून आली असेल किंवा स्क्रू वर राहिला असेल.

तयार चिकटपट्टी असेल तर ती लावणं सोपं. गम असेल तर फ्रेमच्या खाचेत अगदी बारीक, अखंड रेघ काढा आणि स्पीकरच्या जाळीपासून व सेन्सरपासून लांब राहा. नवख्याचा हात नेहमी गम जास्त सोडतो, आणि जादाचा गम आत ओघळून बटणं घट्ट होतात. रेघ काढून दोन-तीन मिनिटं थांबलं की गमला चिकटपणा येतो. मग बॅटरी जोडा, झाकणं आणि स्क्रू कागदावरच्या चित्राप्रमाणे लावा, स्क्रीन वरून बसवा आणि रबरबँड लावा. त्यांचा ताण सगळीकडे सारखा हवा. मधोमध एकच घट्ट रबरबँड लावला तर स्क्रीन वाकते.

काही तासांत गम धरतो, पण पूर्ण सुकायला २४ ते ४८ तास लागतात. तेवढा वेळ फोन सपाट राहू द्या, खिशात नको. बाहेर आलेला गम सुकल्यावर नखाने सोलून निघतो, ओला असताना पुसायला गेलं तर पसरतो.

फोनला पाण्यापासून संरक्षण असेल तर ते आता गेलं असंच धरा. कारखान्यात दाबाखाली बसवलेली सीलबंदी घरच्या गमने परत येत नाही. पावसात, नळाखाली, न्हाणीघराच्या वाफेत तो पूर्वीसारखा नेऊ नका.

चालू केल्यावर काही बिनसलं तर

स्क्रीन काळी पण फोन वाजतोय: आधी पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरून सक्तीने रीस्टार्ट करा. आयफोनमध्ये बटणांचा क्रम मॉडेलनुसार वेगळा असतो. त्यानेही नाही झालं तर कनेक्टर नीट बसलेला नाही, हीच पहिली शंका.

फोन आपोआप टॅप होतोय: तपासताना ठीक होता आणि बंद केल्यावर सुरू झाला असेल तर केबल कुठेतरी चिमटली आहे किंवा फ्रेम स्क्रीनला दाबते आहे. एखादा कोपरा हलका सैल करून बघा. फक्त चार्जिंगला लावल्यावर होत असेल तर आधी चार्जर बदलून बघा, स्वस्तातल्या चार्जरने हे बऱ्याचदा होतं.

कानाचा आवाज बारीक येतोय: स्पीकरच्या जाळीवरची फिल्म काढायची राहिली असेल, नाहीतर जाळीत गम गेला असेल.

नेटवर्क एकदम कमी झालं: फ्रेम बदलताना अँटेनाची बारीक तार तिच्या गोल टोपीत बसली नाही. ही तार कनेक्टरसारखीच टिक करून बसते, पण इतकी लहान असते की बसल्यासारखी दिसते आणि बसलेली नसते.

जुनी स्क्रीन कागदात गुंडाळून ई-कचऱ्यात द्या. बॅटरी बदलली असेल तर जुन्या बॅटरीच्या तोंडावर चिकटपट्टी लावून ती वेगळी द्या, घरच्या कचऱ्याच्या डब्यात नाही.